सोप्या पुस्तकाची लाज

"ताई, वय ४१, राहणार कर्वेनगर, नोकरी कल्याणीनगरला. लॉकडाउनमध्ये गो हा खेळ शिकलो आणि वेडच लागलं. पण गेले दहा महिने ऑनलाइन सर्व्हरवर १४ क्यूला चिकटून बसलोय. कधी १३, कधी १५, पुन्हा १४. सगळे म्हणतात, प्रॉब्लेम्स सोडव. म्हणून पाच पुस्तकं मागवली, साडेसात हजार गेले. एकही पुरं झालेलं नाही. एकेका प्रश्नावर अर्धा-पाऊण तास बसतो, सुटत नाही, मग उत्तर बघतो. बघितलं की पटतं, पण डावात काही म्हणजे काही आठवत नाही. लेक पाचवीत आहे, माझ्याकडूनच शिकली. ती मोबाइलवर बाळबोध प्रश्न टकाटक सोडवते आणि हल्ली तीनपैकी दोन डाव मला हरवते. सहावं पुस्तक कोणतं घेऊ? बायको म्हणते, आधी पहिलं संपव. सोबत पुस्तकांचा फोटो जोडतोय. – अटारीत सापडलेला"

प्रिय अटारीकर,

वहिनींचं अर्धं बरोबर आहे. सहावं पुस्तक आत्ता नको, हे खरं. पण पहिलंही संपवू नका. ते मिटून ठेवा. का, ते सांगते.

त्याआधी, हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्या वाचकांसाठी चार ओळी. १९ उभ्या, १९ आडव्या रेघांचा पट. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीनं काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवायच्या. ठेवलेली सोंगटी हलत नाही. चहूबाजूंनी कोंडली गेली तरच उचलली जाते. कोंडली जायला एकच मोकळी जागा उरली, की ती 'अटारी'त आली. सोंगट्यांच्या एखाद्या गटाच्या पोटात दोन वेगवेगळ्या मोकळ्या जागा, म्हणजे दोन 'डोळे' झाले, की तो गट कायमचा जगला. खेळाडूची पातळी 'क्यू'त सांगतात: नवशिका ३० क्यूच्या आसपास सुरुवात करतो, आकडा उतरत उतरत १ क्यूवर येतो आणि तिथून पुढे 'दान' नावाच्या पायऱ्या चढत जातात. आणि 'प्रॉब्लेम' म्हणजे पटाचा एक तुकडा: काळ्याची खेळी आहे, हा गट जगव, किंवा तो मार.

आता तुमचा फोटो. मोठा करून पाहिला. टीव्हीच्या वरच्या फळीवर पाच पुस्तकं, एकाचाही कणा मोडलेला नाही. डावीकडून पहिलं, कानो योशिनोरी यांच्या 'ग्रेडेड गो प्रॉब्लेम्स फॉर बिगिनर्स' या चार भागांच्या मालेतला चौथा भाग. फक्त चौथा. पहिले तीन का नाहीत, हे विचारायची गरज नाही. नावात 'बिगिनर्स' आहे. आपण काही इतके कच्चे नाही. मग घ्यायचंच तर निदान शेवटचा भाग. हा हिशेब मला फार ओळखीचा आहे. दुसरं जेम्स डेव्हिस यांचं 'लाइफ अँड डेथ'. तिसरं रिचर्ड बोझुलिच यांचं एक हजार एक जगण्यामरण्याच्या प्रश्नांचं. चौथा जोसेकींचा, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरीव चालींचा, जाडजूड कोश. आणि पाचवं 'इगो हात्सुयो-रोन'!

पाचवं पाहून मी मोठ्यानं हसले, घरात सगळ्यांनी वळून पाहिलं. हा संग्रह १७१३ सालचा. म्हणजे इकडे शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली, त्याच वर्षी तिकडे जपानात इनोउए घराण्याच्या प्रमुखानं, दोसेत्सु इनसेकीनं, आपल्या निवडक शिष्यांसाठी हे १८३ प्रश्न जमवले. ते घराण्याबाहेर जाऊ नयेत असा दंडक होता. त्यातल्या १२० क्रमांकाच्या प्रश्नावर व्यावसायिक खेळाडूंच्या पिढ्यान्‌पिढ्या घासल्या गेल्यात. पेशवाई आली आणि गेली, त्या प्रश्नाची चर्चा चालूच आहे. आणि तुम्ही तो संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास घेऊन बसता, नि सुटत नाही म्हणून खट्टू होता!

तुमच्या पत्रातली खरी मेख मात्र पुस्तकांच्या नावांत नाही, एका वाक्यात आहे: "उत्तर बघितलं की पटतं." पटणारच. छापलेलं उत्तर कुणालाही पटतं. आपल्या आत ते आपलं आपण उमटतं का, एवढाच प्रश्न असतो.

मी हे शहाणपणानं बोलत नाहीये, पोळलेली आहे म्हणून बोलतेय. २००८ साली मी जपानी भाषेची परीक्षा देत होते. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही, आमच्या वर्गात तर निवृत्त बँकवाल्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे. आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे बाईंनी, वर्गानंतर गो शिकवायला सुरुवात केली आणि मी भाषा सोडून त्याच्याच मागे लागले. कुणाकरवी तरी जपानहून खिशात मावणारं एक प्रश्नांचं पुस्तक मागवलं. ते वाचायला जपानी फारसं लागतच नाही. 'काळा आधी' ही दोन अक्षरं, 'पांढरा आधी' ही दोन. उत्तराच्या पानावर 'सेइकाई' म्हणजे बरोबर आणि 'शिप्पाई' म्हणजे फसलं. आमच्या गटात अजूनही कुणी चुकीची खेळी केली की "शिपाई आला" असं म्हणतात.

तर त्या पुस्तकातला एकेक प्रश्न मी तासभर बघायचे, पान उलटायचे, उत्तराला मान डोलवायचे आणि पेन्सिलीनं टिक करायचे. वर्षभरात तीनेकशे टिका झाल्या. एका शनिवारी सेन्सेईंनी पुस्तक मागितलं, मागच्याच आठवड्यात टिक केलेला एक प्रश्न पटावर मांडला आणि म्हणाल्या, "सोडव." आला नाही. दुसरा मांडला. नाही आला. पाचांपैकी एक आला, तोही अंदाजानं. त्यांनी काही न बोलता पिशवीतून एक पातळ पुस्तक काढून दिलं. पहिल्या पानावर काय, तर एका खेळीत एक सोंगटी पकडा. मला इतका राग आला! घरी येऊन त्या पुस्तकाला मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. बसमध्ये कुणी पाहिलं असतं तर? पीएमटीत गो ओळखणारं कोण भेटणार होतं, देव जाणे.

ते पातळ पुस्तक मी तीनदा केलं. पहिल्यांदा पंधरा दिवस लागले, तिसऱ्यांदा दोन संध्याकाळी. आणि तेव्हा पहिल्यांदा असं झालं, की डाव चालू असताना एका कोपऱ्याकडे नजर गेली आणि विचार सुरू करायच्या आधी बोट त्या जागेकडे निघालं.

माझ्या आजोबांना पावकी, निमकी, दीडकी पाठ होती. मंडईत भाजीवाल्याचा हिशेब त्याच्या तोंडून निघायच्या आत ते पैसे मोजून हातात ठेवत. त्यांना गणित फार येत होतं असं नाही. पण लहान आकड्यांवर डोकं खर्चच होत नव्हतं, म्हणून मोठ्यासाठी ते शिल्लक राहायचं. डावात तुमची गत उलटी होते. अवघड वळण येतं तेव्हा तुम्ही सोप्याच गोष्टी मोजत बसलेले असता.

गोमधल्या पावकीचा एक नमुना देते. पट काढा, सोंगट्या मांडा, नुसतं वाचू नका. कडेपासून दुसऱ्या रेघेवर सहा काळ्या सोंगट्या ओळीनं ठेवा. कोपऱ्यापासून लांब, कडेच्या मध्यावर. बाकी सगळीकडून पांढऱ्यानं वेढा घातलाय. काळ्याकडे उरली ती फक्त खालची, पहिल्या रेघेवरची सहा घरं. पांढरा डाव्या टोकानं पहिल्या रेघेवर आत डोकावतो, काळा शेजारी अडवतो. पांढरा उजव्या टोकानं डोकावतो, काळा तिथेही अडवतो. मोजा: पोटात दोनच जागा उरल्या, त्याही एकमेकींना लागून. त्यांचे दोन डोळे होत नाहीत. मेला. आता आठ सोंगट्या ठेवून हेच करा. आत ओळीनं चार जागा उरतात. पांढरा मधल्या दोनपैकी एक धरेल तर काळा दुसरी धरतो. जगला. सात ठेवल्या तर तीन उरतात, आणि तिथे ज्याची खेळी त्याचं राज्य: पांढरा आधी आला तर तिन्हींच्या मधोमध बसतो आणि खेळ खलास, काळा आधी आला तर एका टोकाला पाय रोवून जगतो. आणि सहाच असतील, तर काळ्यानं आधी खेळूनही भागत नाही. करून बघा.

गोवाल्यांची म्हण आहे: दुसऱ्या रेघेवर सहा मेले, आठ जगले. म्हण मलाही पहिल्या महिन्यात पाठ झाली होती. पण डावात उपयोगी पडली ती पंचवीस-तीस वेळा हातानं मांडून झाल्यावर. मग मी वेढलेल्या सहांना वाचवायला जाणं सोडलं आणि सात दिसले की सगळं टाकून आधी तिथे खेळायला लागले. पाठ करणं नि अंगवळणी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधली वाट सोप्या प्रश्नांच्या ढिगाऱ्यातून जाते.

तुमची लेक नेमकं हेच करतेय. तिला लाज नाही, एवढाच तिचा तुमच्यापेक्षा गुण जास्त.

आता पुस्तक निवडायचं कसं. माझी एक घरगुती परीक्षा आहे. पुस्तक मधूनच कुठेही उघडायचं, लागोपाठचे दहा प्रश्न घ्यायचे, प्रत्येकाला एक मिनिट. सात-आठ सुटले तर ते तुमचं आजचं पुस्तक. दहाच्या दहा पटापट सुटले तर पुढचा भाग घ्या. पाचाच्या खाली आलात तर ते माळ्यावर नाही, फळीवरच राहू दे, पण पाठ भिंतीकडे करून. पुस्तकावर छापलेली क्यू नि सर्व्हरवरची क्यू यांचा मेळ बसतोच असं नाही, म्हणून छापील आकड्यापेक्षा या दहा मिनिटांवर माझा विश्वास जास्त.

'सुटला' कशाला म्हणायचं, यावर मात्र कडक राहा. पहिली खेळी बरोबर ओळखली म्हणजे सुटला नव्हे. समोरचा इथे अडवेल, मग मी तिथे. तो तिथे आला तर मी इथे. त्यानं आत सोंगटी टाकली तर? असे सगळे फाटे डोळ्यांपुढे येऊन शेवट दिसला, तर सुटला. सोप्या प्रश्नात हे फाटे दोन-तीनच असतात, म्हणूनच तर ते मिनिटात मावतात.

पुस्तक हातात घेऊन चाळायला मिळालं तर आणखी काही पाहा. उत्तरं कुठे आहेत? त्याच पानावर खाली असतील तर ते पुस्तक कुणाला भेट द्या. डोळा घसरतोच, आपण संत नाही. पान उलटल्यावर असतील तर उत्तम. पार शेवटी एकगठ्ठा असतील तर शिस्तीला चांगलं, पण मेट्रोत उभ्यानं अवघड जातं. चुकीच्या खेळीला समोरच्यानं कशी शिक्षा दिली, हे दाखवणारी आकृती आहे का? असायलाच हवी. नुसतं बरोबर उत्तर देणारं पुस्तक म्हणजे पहिल्या पानावर बेरीज नि शेवटी आकडा देणारं गाइड.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही: प्रश्नावर काय लिहिलंय. 'काळ्यानं जगायचं' असं लिहिलेलं असलं की अर्धं काम झालंच. डावात कुणी पाटी लावून जात नाही. कोपऱ्यातला गट आपोआप जिवंत आहे, का एका खेळीनं जगेल, का एव्हाना मेलाय, हे तुमचं तुम्हाला कळावं लागतं. जगलेल्या गटात घाबरून आणखी एक सोंगटी टाकणं ही १४ क्यूची कायमची वाया जाणारी खेळी. तुमच्या डावांतही असणार, पैज लावते. म्हणून निदान काही प्रश्न तरी पाटी नसलेले, सगळ्या जातींची सरमिसळ असलेले हवेत.

या सगळ्या कसोट्या लावल्या, की तुमच्या फळीवरचं चित्र असं दिसतं. बोझुलिच यांच्या १००१ प्रश्नांत आधी एका खेळीचे आहेत, मग तीन खेळ्यांचे, मग पाच. तुम्ही नक्की पाचवाल्यांपासून सुरुवात केली असणार. आजपासून पहिलं पान. नवं काही विकत न घेता सोप्या प्रश्नांचा अख्खा साठा तुमच्या घरात पडून आहे. डेव्हिस यांचं पुस्तक शेजारी ठेवा. कोणता आकार जगतो, कोणता मरतो, हे ते एकेक आकार घेऊन समजावतं. एखाद्या आकारात वारंवार फसलात की त्यातलं तेवढंच प्रकरण वाचायचं. कानोंचा चौथा भाग वर्षभर थांबेल. जोसेकींचा कोश मात्र खरंच माळ्यावर टाका. कोपऱ्यातल्या अठरा चाली पाठ करून एकोणिसाव्याला स्वतःचा गट मारून घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांत मीही होते.

तरीही हातांना खाज सुटली आणि काही घ्यायचंच असलं, तर कानोंचा तिसरा भाग घ्या, जो २० ते १५ क्यूसाठी आहे. हो, तुमच्या खालचा. दहा मिनिटांची परीक्षा तिथेही घ्या आणि निकाल वाईट लागला तर २५ ते २० क्यूसाठीचा दुसरा. कव्हर घालायला वर्तमानपत्र आहेच. या मालेची खुबी अशी, की पकडापकडी, जगणं-मरणं, सुरुवातीच्या चाली, शेवटची आवराआवर असं सगळं तिच्यात येतं, त्यामुळे नुसत्या कोपऱ्यात डोकं खुपसून बसल्यासारखं होत नाही. कोरियात मुलांसाठी निघणाऱ्या सराववह्याही छान असतात. भाषा येत नसली तरी अडत नाही, आणि लेकीबरोबर वाटून घेता येतात.

पुढची पायरी विचाराल म्हणून आत्ताच सांगून ठेवते: पाच-सहा क्यूपर्यंत पोचलात की 'गोक्यो शुम्यो'. हायाशी घराण्याच्या गेनबी यानं १८१२ साली काढलेला संग्रह, पाचशेवर प्रश्न. इकडे पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता तेव्हाचा. दोनशे वर्षं जुना असल्यामुळे मूळ प्रश्न कुणाच्या मालकीचे राहिलेले नाहीत. त्यांच्या नुसत्या आकृत्या छापून अप्पा बळवंत चौकात स्पायरल बाइंडिंग करून घेतलं तरी कुणी बोलणार नाही. माझं तसंच आहे, निळ्या प्लास्टिकचं, चहाचे डाग पडलेलं. उत्तरं मुद्दाम छापलेली नाहीत.

सराव कधी करायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचा पत्ता वाचून राहवत नाही. कर्वेनगरहून कल्याणीनगर म्हणजे नळ स्टॉपला मेट्रो धरत असाल. वीस-पंचवीस मिनिटं बसून, किंवा लटकून, मोकळी. जाताना वीस सोपे प्रश्न. येताना तेच वीस पुन्हा. मोबाइल खिशात. ॲप वाईट असं नाही, लेकीला ते मानवलंय. पण मोठ्या माणसाला त्याची एक वाईट सवय लागते. बोट टेकवायचं, तांबडं झालं की दुसरीकडे टेकवायचं. तिसऱ्या टेकवण्याला हिरवं होतं आणि आपण म्हणतो सुटला. कागद हिरवा होत नाही, म्हणून मला कागद आवडतो. मुलं टेकवताना आकार डोळ्यांत साठवत असतात, आपण गुण मोजत असतो.

जो प्रश्न चुकेल त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक ठिपका. दुसऱ्या फेरीत पुन्हा चुकला तर दुसरा ठिपका. दोन ठिपकेवाला प्रश्न रात्री गणिताच्या चौकटीच्या वहीत उतरवून काढायचा. काळ्यासाठी भरीव गोल, पांढऱ्यासाठी पोकळ. हातानं काढताना एखादी सोंगटी कुठे आहे ते नीट पाहावं लागतं, आणि निम्म्या वेळा चूक तिथेच असते: ती सोंगटी तुम्हाला दिसलेलीच नसते. माझ्या अशा तीन वह्या भरल्यात. पहिलीतले प्रश्न आता पाहिले की इथे अडलो होतो का आपण, असं वाटतं. वही काढायचं काम लेकीकडे द्या, पाहिजे तर. वडिलांच्या चुका सुवाच्य अक्षरात उतरवायला कुठल्याही पाचवीतल्या मुलीला आवडेल.

उत्तर कधी बघायचं? माझा नियम: सोप्या पुस्तकात दोन मिनिटं झाली आणि जमलं नाही तर बघायचं, ठिपका द्यायचा, पुढे जायचं, पण उद्या तोच प्रश्न परत. अवघड पुस्तकात उत्तर बघायचंच नाही. आणि अवघड पुस्तक अजिबातच करू नये असं मी म्हणत नाही. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर एक, फक्त एक, अवघड प्रश्न घेऊन आडवं व्हावं. डोळे मिटून चाली बघत राहाव्यात. सुटला तर सुटला, झोप लागली तर तीही चांगली.

एक शंका मात्र घेऊन ठेवते. तुम्ही १४ क्यूला अडकलात ते जगण्यामरण्यामुळेच, असं मी धरून चाललेय. खात्री करून घ्या. शेवटचे पाच हरलेले डाव काढा आणि डाव नेमका कुठे हातातून गेला, तेवढं पाहा. संगणकाला दाखवलंत तर तो तुमच्या जिंकण्याच्या शक्यतेचा आलेख काढून देईल. रेघ जिथे धाडकन खाली येते ती खेळी. तिथे तुमचा गट मेला किंवा तुटून दोन झाला असेल तर वरचं सगळं तुमच्यासाठीच. पाचांत चार वेळा तसंच निघेल असा माझा कयास आहे. पण समजा निघालं, की तुम्ही गट वाचवता, व्यवस्थित वाचवता, आणि तेवढ्यात समोरचा निम्मा पट खाऊन बसतो, तर मग पुन्हा लिहा. ते दुखणं वेगळं आणि त्याचं पुस्तकही वेगळं.

लेकीबद्दल. तीनपैकी दोन डाव हरताय तर दोन सोंगट्यांची सूट मागून घ्या. गोमध्ये ती रीतच आहे: कच्च्यानं काळं घ्यायचं आणि आधीच ठरलेल्या ठिपक्यांवर सोंगट्या ठेवून सुरुवात करायची. वडील म्हणून जरा जड जाईल. पण मागून घेतलेली ही सूट दोन-तीन महिन्यांत तिला परत करता येते का, हे मोजायला सर्व्हरच्या क्यूपेक्षा बरं माप आहे, आणि त्याला इंटरनेटही लागत नाही.

जाता जाता तुमच्या दोघांसाठी एक प्रश्न, चौकटीच्या वहीतल्या पहिल्या पानाकरता. कडेच्या मध्यावर सहा मेले, आठ जगले, हे वर मांडून पाहिलं. तीच ओळ आता कोपऱ्यात न्या: पहिली सोंगटी बाजूच्या कडेला अगदी टेकलेली, बाकीच्या तिच्यामागे दुसऱ्या रेघेवर. तिथे म्हण बदलते. कोपऱ्यात चार मेले, सहा जगले. दोन सोंगट्या कमी पुरतात, त्या का? आणि पाच असतील तर काय? पट मांडून दोघांनी वेगवेगळं लिहा, मग ताडून पाहा. उत्तरासाठी मला ईमेल करू नका, मी देणार नाही.